उतारावरचा बैल

माझी नात मला अधूनमधून विचारते, आजी, तू अमेरिकेत पहिल्यांदा आलीस तेव्हा कशी होतीस? मी सांगते, कोवळी होते. त्रेपन्न वर्षांची. त्या वयात मला जगातलं सगळं कळत होतं. पुढे एकेक कमी होत गेलं.

नाशिकच्या मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं इतिहास शिकवून मी मुदतीआधी निवृत्त झाले आणि लेकीच्या बाळंतपणासाठी अ‍ॅशबर्नला येऊन दाखल झाले. साल दोन हजार चार. सोबत दोन डबे डिंकाचे लाडू आणि कोणाचंही बोलणं मध्येच तोडून सनावळ्या दुरुस्त करायची सवय. लाडू पंधरा दिवसांत संपले.

लेक-जावई भाड्याने राहत होते ते घर एका काकांचं. काका म्हणजे नात्यातले नव्हेत, तिथे साठीच्या पुढचा कुठलाही मराठी माणूस काका होतो. बाकीचे घरमालक वर ऐसपैस राहतात आणि तळघर भाड्याने देतात. यांनी दोन्ही मजले भाड्याने दिले होते आणि स्वतः तळघरात राहत होते. का, तर तळघराचं मागचं दार तळ्याकडे उघडायचं. पावसाचं पाणी साठवायला वसाहतीने खणलेलं तळं, आणि त्याच्या पलीकडे, खणलेल्या मातीचा रचलेला एक हिरवागार उतार. टेकडी म्हणायला लाज वाटावी एवढाच. त्याच्यामागे ते बिनखिडक्यांचे मोठमोठे कॉम्प्युटरचे गोडाऊन, दिवसभर गुणगुणणारे.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, रत्नागिरीकडचे, वाळलेल्या सुकटीसारखे. तिथल्याच सरकारी रस्तेबांधणी खात्यात पस्तीस वर्षं त्यांनी चढउतार मोजले होते. खिशात कायम गवंडी वापरतात तसला ओळंबा. पहिल्या भेटीला वर आले, नमस्कार केला, आणि भिंतीवरच्या माझ्या सासूबाईंच्या फोटोशेजारी ओळंबा धरून उभे राहिले.

"बाई," मला म्हणाले, "सासूबाई डावीकडे झुकल्यात."

मी शिक्षिका, हे लेकीने आधीच सांगितलं होतं. तेव्हापासून मी त्यांची 'बाई'. एक चांगलं झालं, सासूबाईंना वाकडं म्हणणारा माणूस मला आयुष्यात प्रथमच भेटला होता, त्यामुळे मी त्यांना पुष्कळ माफ केलं.

माफ करण्यासारखं बरंच होतं. ते भाकरीला पीनट बटर लावून वर लसणाची चटणी भुरभुरवत. पाहुण्याला चहा देताना कप गवंड्याच्या लेव्हलपट्टीवर ठेवून बघत. आणि बाहेर पडताना, अगदी डॉक्टरकडे जातानासुद्धा, नारिंगी जाकीट घालत. रस्त्यावर काम करणारे घालतात ते, चमकत्या पट्ट्यांचं. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "अमेरिकेत हे घातलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. शांतता मिळते."

एका संध्याकाळी त्यांनी मला आल्बम दाखवला. इंग्लंडातल्या टेकड्यांवरची पांढरी चित्रं. वरचं गवत नि माती खरवडली की खाली खडू लागतो, म्हणजे आख्खी टेकडीच खडूची. त्या खडूच्या रेघांनी काढलेला घोडा, सोटा घेतलेला राक्षस, दोन काठ्या धरलेला लांबुडका माणूस. घोडा तर आगगाडीच्या चार-पाच डब्यांएवढा. मी लगेच वर्गावर गेल्यासारखी सरसावून बसले. कोणी काढला? कोणत्या काळात? हेतू काय?

"काळ साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा म्हणतात. बाकी माहीत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"कोणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं देव, कोणी म्हणतं टोळीची खूण. काहींना तर तो घोडाच वाटत नाही, कुत्रा वाटतो." हे सांगताना माणूस इतका खूश होता की मला रागच आला. ज्याची नोंद नाही ते इतिहासात बसत नाही, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. आज ते वाक्य आठवलं की चादर तोंडावर ओढून घ्यावीशी वाटते.

काकांनी मग त्यांच्या गावची गोष्ट काढली. गावाच्या वर कातळाचा सडा, म्हणजे उघडंबोडकं पठार, आणि त्या कातळात कोरलेलं एक जनावर. वाघ की मासा, यावरून दोन वाड्यांमध्ये बोलाचाली बंद होती. कोरलं कोणी? पांडवांनी, एका रात्रीत. आपल्याकडे ज्याचा कर्ता सापडत नाही ते पांडवांच्या नावावर घालतात. पण दरवर्षी पेरणीआधी गावातल्या बायका वर जाऊन त्या रेघांमधली माती झाडून काढत, पाणी ओतून धूत. काकांची आजीही जायची. लहानपणी त्यांनी तिला विचारलं, का धुतेस? ती म्हणाली, "हात चालव."

एवढंच. त्यावर माणसाने आयुष्य काढलं. 'कोणी' आणि 'का' हे रिकामपणचे प्रश्न आहेत, असं ते म्हणत. कामाचे प्रश्न दोनच, कसं आणि किती दिवसांनी. कारण त्या घोड्याचं तसंच आहे. दहा-पंधरा वर्षं कोणी फिरकलं नाही तर गवत घोडा गिळून टाकतं. म्हणजे तीन हजार वर्षं लोक येऊन तो घासतायत. राजे बदलले, देव बदलले, भाषा बदलली, घासणारे आपले येतायत. "काढणारा एक दिवस येऊन गेला, बाई. त्याचं काय एवढं."

हे नुसतं वाचीव ज्ञान नव्हतं. पुतण्याच्या लग्नासाठी एकदा भारतात निघाले असताना ते लंडनला उतरले, सहा तास हातात होते, म्हणून बस पकडून घोडा बघायला गेले. नेमका त्या दिवशी घासण्याचा कार्यक्रम. एका म्हातारीने त्यांच्या हातात हातोडा दिला आणि गुडघ्यावर बसवलं. खडूचे खडे कुटून रेघेत भरायचे. काका संध्याकाळपर्यंत कुटत बसले. विमान गेलं. चिपळूणला पोचले तेव्हा मांडववाले बांबू उतरवत होते. कुठे होतास म्हणून थोरल्या भावाने दरडावलं तर यांनी खरं ते सांगितलं, घोडा घासत होतो. ते घराणं त्यांच्याशी चार वर्षं बोलत नव्हतं. ती पांढरी झालेली पँट मात्र काकांनी कधी धुतली नाही. कपाटात हँगरवर होती, लग्नातल्या शेरवानीसारखी.

तर अशा माणसाच्या मनात पलीकडच्या उतारावर काहीतरी काढायचं होतं. त्यांना हवं होतं कसलंही ओळखू न येणारं जनावर. मी म्हटलं, छे, काढायचं तर ठसठशीत काढा. पोळ्याचा बैल काढू, वशिंड, शिंगं, सगळं व्यवस्थित. रांगोळीची तीन बक्षिसं होती माझ्याकडे. मी कागदावर ठिपके काढून बैल बसवला. काकांनी तो बराच वेळ बघितला, उताराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "तुमचाच बैल काढू."

केवढी फुगले मी.

काकांकडे तारेच्या काड्यांना लावलेले छोटे झेंडे होते, खात्यातून निवृत्त होताना आणलेले, पोत्याने. तिकडे जमिनीखालच्या वायरी दाखवायला असे झेंडे खोचतात, त्यामुळे ते दिसले की लोक वळसा घालून जातात. आम्ही तेच ठिपके केले. सतरा ते सतरा, अंतर काकांनी दोरीने मोजलेलं. मग झेंड्याझेंड्यांमधून दोरी, दोरीखालचं गवत खरवडायचं. तिथे कुठला खडू, खाली लालभडक चिकणमाती. म्हणून चर खणून त्यात बागेच्या दुकानातली पांढरी संगमरवरी खडी ठोकून बसवली. लेक आणि बाळ सकाळी झोपत, तेवढ्या वेळात सलग नऊ दिवस आम्ही हे केलं. भर उजेडात. दोघांच्या अंगात नारिंगी जाकिटं, डोक्याला टोप्या. वसाहतीतली शंभर माणसं कुत्री फिरवायला तळ्यावर यायची. एकानेही विचारलं नाही. चौथ्या दिवशी माझा जावई जॉगिंग करत आला, माझ्याकडे बघून "मॉर्निंग" म्हणाला आणि पुढे गेला. स्वतःच्या सासूला. घरी येऊन लेकीला म्हणतो, असोसिएशनने काहीतरी ड्रेनेजचं काम काढलेलं दिसतंय यार.

दहाव्या दिवशी झेंडे काढले आणि आम्ही तळ्याला वळसा घालून अलीकडे आलो. मी वळून बघितलं, तर तो बैल नव्हताच.

रांगोळी आपण ओणवं होऊन काढतो. वरून बघतो. उतार समोरून बघितला की उभं अंतर चेपतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझा बैल वरून कोणी दाबल्यासारखा पसरला होता. पाय आखूड, अंग लांबच लांब, वशिंड भुईसपाट, शिंगं मिशांसारखी दोन्हीकडे पसरलेली. मगर म्हणा, सोफा म्हणा. मी रडकुंडीला आले. काका मात्र दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत होते, आणि चेहऱ्यावर जी तृप्ती होती ती मी फक्त जेवणावळीत मठ्ठा पिणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर बघितली आहे. पस्तीस वर्षं उतार मोजलेल्या माणसाला हे आधी दिसलं नसेल? हा प्रश्न मला तब्बल दोन वर्षांनी पडला. मी म्हटलं ना, तेव्हा मला सगळं कळत होतं.

दोन आठवड्यांत वसाहतीच्या असोसिएशनने सभा बोलावली. ही असोसिएशन पडद्यांचा रंग आणि कचऱ्याच्या डब्याची दिशासुद्धा ठरवते, मगरीला कशी सोडेल? अध्यक्षीणबाई गोऱ्या, उंच, कडक इस्त्रीच्या. ठराव साधा होता. चित्रावर तयार हिरवळ अंथरून सगळं पूर्ववत करायचं. त्याआधी त्यांनी विचारलं, हे कोणी केलं, कोणाला माहीत आहे का?

आता मी उठणार होते. प्रामाणिकपणाने नव्हे, तसं म्हटलं तर बरं दिसेल, पण नाही. सभागृहात साठ माणसं माझ्या बैलाबद्दल बोलत होती आणि माझं नाव कुठेच नव्हतं, हे मला सोसेना. बक्षीस जाहीर व्हायच्या आधीच उठून उभं राहायची सवय. मी अर्धी उठले आणि काकांचा बूट माझ्या चपलेवर पडला. चांगला जोरात. मी बसले.

आणि मग जे झालं ते इतिहासाच्या शिक्षिकेने बघू नये.

माझा जावई उठला. म्हणाला, खालून केबल गेली आहे, विमानातून कळावी म्हणून ही खूण आहे, मी स्वतः कंपनीची माणसं काम करताना बघितली. चांगली दहा-बारा होती. एका हैदराबादच्या बाईंना त्यात गणपती दिसला, आडवा. कोणी म्हणालं शाळेची मुलं, कोणी म्हणालं परग्रहावरचे. मग मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. वसाहत व्हायच्या आधी इथे दुभत्या गाईंचं फार्म होतं, त्या काळापासून ते या भागात राहत होते. ते शांतपणे म्हणाले, हे इथे पूर्वीपासून आहे. घरं बांधली तेव्हा मातीखाली गेलं होतं, आता पावसाने वर आलं असेल. आम्ही लहानपणी यावरून घसरत खाली यायचो.

 माझ्या घशातून कसलासा आवाज निघाला, तो मी खोकल्यात मिसळला. तीन आठवड्यांपूर्वीच्या माझ्या रांगोळीवरून हा माणूस साठ वर्षांपूर्वी घसरला होता, आणि खोटं बोलत नव्हता हो. त्याला आठवत होतं. डोळे ओले झाले होते त्याचे.

अध्यक्षीणबाई घाबरल्या. जुनं काही असेल तर हात लावायला कौंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, परवानगी लागेल की काय, म्हणून ठराव चौकशी होईपर्यंत तहकूब झाला. ती चौकशी माझ्या माहितीत आजवर सुरू झालेली नाही.

बाहेर आल्यावर मी काकांवर तुटून पडले. हे इतिहासाला फसवणं आहे वगैरे. ते म्हणाले, "आपण कुठे काय बोललो, बाई? गप्प तर बसलो." मग थोडं चालल्यावर म्हणाले, "पण तुम्ही बघितलंत ना कसं होतं ते? तीन हजार वर्षं लागत नाहीत. तीन आठवडे पुरतात." लहान पोरासारखे उड्या मारायचे बाकी होते.

त्या हिवाळ्यात काकांचे गुडघे गेले. मुलगा शुगर लँडला तेलकंपनीत इंजिनिअर, तो येऊन त्यांना टेक्सासला घेऊन गेला. घर लेक-जावयाकडेच राहिलं. माझा मुक्काम दुसऱ्या नातवाच्या चाहुलीने लांबला होता. टेक्सासला निघायच्या दिवशी काकांनी मला मागच्या दाराशी बोलावलं. मला वाटलं, बैलाची जबाबदारी सोपवतायत. मी भाषणाची तयारीही केली होती.

"एक वचन द्या," ते म्हणाले. "तुम्ही त्याला हात लावायचा नाही. एक काडी उपटायची नाही. आणि कोणाला सांगायचंही नाही."

"अहो, मग गवत गिळून टाकेल."

"टाकू दे. आपण दोघांनीच जपला तर तो आपला बैल. दुसरं कोणी आलं तर तो बैल." मग खाली वाकून गुडघा चोळत म्हणाले, "मला तेवढं एकच बघायचं होतं. कोणी येतं का."

मी वचन दिलं. आयुष्यात इतकं जड काही उचललं नव्हतं. पुढच्या वसंतात गवत असं काही माजलं की मेअखेर शेपूट गेली, जूनच्या पहिल्या आठवड्यात मागचे पाय. मी रोज सकाळी मागच्या दारात उभी राहून तळमळत असे. दर रविवारी काकांचा फोन यायचा. तिकडच्या उकाड्याबद्दल बोलायचे, जमीन पोळपाटासारखी सपाट आहे, ओळंबा धरायलाही जागा नाही म्हणायचे, आणि शेवटी फक्त एवढंच, "किती राहिलाय?" मी सांगायची. पोटापर्यंत. वशिंडापर्यंत. ते "हं" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. दर रविवारी तो "हं" बारीक होत चालला होता.

कबूल करते, एकदा मी गेले. बाळाला बाबागाडीत घालून फिरायच्या मिषाने, आणि शिंगाजवळचं दोन मुठी गवत उपटलं. मग वचन आठवलं आणि ते गवत परत मातीत खोचायला लागले. त्रेपन्नाची चौपन्न झाले होते, अक्कल तेवढीच.

जूनमधल्या एका शनिवारी सकाळी मागचं दार उघडलं तर उतारावर माणसं. मला वाटलं हिरवळ अंथरायला आली. चष्मा घालून बघितलं. ते दुभत्या गाईंवाले म्हातारे गवतात घडीची खुर्ची टाकून बसले होते आणि काठीने दाखवत होते, इथे, इथे. त्यांच्यासमोर अध्यक्षीणबाई, गुडघ्यांवर, हातात बागकामाचे मोजे, शेपटीतलं गवत खुरप्याने काढतायत. हैदराबादच्या बाई, त्यांच्या दोन मुली, आणखी सात-आठ जण. आणि माझा जावई खडीची पिशवी खांद्यावर घेऊन चढतोय.

मी बाळाला लेकीच्या मांडीवर टाकलं आणि तळ्याला वळसा घालून गेले, खरं तर धावले. जावयाला विचारलं, हे काय?

"आई, हे दरवर्षी करतात म्हणे," तो म्हणाला. "पूर्वीपासून. ते आजोबा सांगत होते."

अध्यक्षीणबाईंनी मला बघितलं. सरकून बाजूला जागा केली, माझ्या हातात एक खुरपं दिलं आणि शिकवायला लागल्या. रेघ कुठपर्यंत आहे ते आधी बोटाने चाचपायचं. मुळासकट काढायचं. खडी नुसती टाकायची नाही, ठोकायची. असं नाही, असं. माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी मला दाखवलं. मी म्हटलं, थँक यू. दुसरं काही म्हटलं नाही, आणि आजवर केलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा मला तेच जास्त चांगलं जमलं असं वाटतं.

दुपारपर्यंत मागचे पाय मोकळे झाले. थोडे चुकलेच, गवतात मूळची रेघ न सापडल्यामुळे त्यांनी पाय चांगले दोन-अडीच हात खाली नेले. तळ्याच्या अलीकडून बघितलं तर ते पाय पहिल्यांदाच पायांसारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. फोनची घंटी पूर्ण वाजायच्या आत मी उचलला आणि सगळं सांगितलं. कोण आलं, कोण कुठे बसलं, खुरपी कसली, पाय कसे लांबले. काका मध्ये एकदाही बोलले नाहीत. मला वाटलं लाइन गेली.

"काका?"

"कोणी काढला असं म्हणतात आता?"

मी सांगितलं. म्हातारे म्हणतात, फार्मवाल्यांच्याही आधीचे लोक. जावई अजून केबलवर आहे. हैदराबादच्या बाईंनी सोंडेपाशी एक फूल ठेवलं.

"माझं नाव घेतलं का कोणी?"

"नाही."

"तुमचं?"

"माझंही नाही."

मग ते हसायला लागले. इतके हसले की मागून त्यांच्या सुनेचा आवाज आला, बाबा, काय झालं, पाणी देऊ का. काका तिला म्हणाले, "काही नाही गं. कोणीतरी बैल काढलाय तिकडे. फार जुना आहे म्हणतात."